जागलीच्या माळ्यावरून कक्षा शिकूया: अंतराळयान वर कसं पोचतं आणि तिथे कसं फिरतं

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्याकडे जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून माणसं माळ्यावर रात्र काढतात, आणि रात्र काढायची म्हणजे आभाळ बघणं आलंच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आकाशाबद्दलचे सगळ्यात नेमके प्रश्न मला या जागल करणाऱ्यांनीच विचारले आहेत. एका काकांनी विचारलं, "मास्तर, ते चालनारी चांदनी सांजीले दिसते, पहाटीले दिसते, मंग मधात कुठी जाते?" दुसऱ्यांचा प्रश्न त्याहून साधा होता: "येवढं जड हाये तं पडत काहून नाई?"

या दोन प्रश्नांची उत्तरं नीट समजली की यान वर कसं जातं, तिथे कसं फिरतं आणि खाली कसं येतं, हे सगळं हाताला लागतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, मोठं गणितही लागत नाही. एक गोफण, प्लॅस्टिकची एक बाटली, दोन खुंट्या, थोडी सुतळी आणि आठ-दहा मोकळ्या संध्याकाळी पुरतात. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढची पायरी मागच्या पायरीवर उभी आहे.

पहिली पायरी: आधी डोळ्यांनी बघा

सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करा. ते १०९ मीटर लांब आहे. कबड्डीची आठ मैदानं लांबीला लांबी लावून ठेवली तर जवळपास तेवढं होतं. वजन ४०० टनांच्या वर. २ नोव्हेंबर २००० पासून त्यात सतत माणसं राहत आहेत. ते पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवरून जातं आणि चांगल्या फेरीला शुक्राएवढं ठळक दिसतं.

आपल्या भागावरून ते कधी जाणार, हे नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या मोफत सेवेवर कळतं. आपलं गाव यादीत नसेल तर जवळचं शहर निवडा, फरक फार पडत नाही. त्यात वेळ, दिशा आणि जास्तीत जास्त उंची अंशांत दिलेली असते. ४० अंशांच्या वरची फेरी निवडा. अंश मोजायचे असे: हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून चार मुठी वर, म्हणजे ४० अंश.

सूर्य मावळल्यावर तास-दीड तासाच्या आत, किंवा उजाडण्याआधी तेवढ्याच वेळात बघा. गावातल्या खांबावरच्या दिव्यांपासून दूर, शेतात किंवा पांदणीवर उभे राहा. दहा मिनिटं आधी जा आणि मोबाईल खिशात ठेवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. पावसाळ्यात या खटाटोपाला अर्थ नाही. दसऱ्यानंतर आभाळ स्वच्छ झालं की बसा.

स्थानक पश्चिमेच्या बाजूने उगवतं, पूर्वेच्या बाजूला जातं आणि तीन ते सहा मिनिटांत फेरी संपते. प्रकाश लुकलुकत नाही. लाल-हिरवे दिवे मिचकावताना दिसले तर ते विमान समजा. पुष्कळदा स्थानक क्षितिजावर पोचण्याआधी, उघड्या आभाळातच मंद होत विझतं. नवख्या माणसाला ढग आला असं वाटतं. खरं म्हणजे ते त्या क्षणी पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं.

काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. स्थानकाला स्वतःचा असा दिसण्याजोगा उजेड नाही, आपल्याला दिसतं ते त्यावर पडलेलं ऊन. गावात दिवेलागण झाली तरी उंच पाण्याच्या टाकीच्या टोकावर ऊन थोडा वेळ रेंगाळतं, तसंच ४०० किलोमीटरवर ते आणखी बराच वेळ राहतं. मध्यरात्री मात्र आपल्या डोक्यावरचा तो सगळा भाग सावलीत असतो. यान तेव्हाही वरून जातच असतं, फक्त त्यावर ऊन नसतं.

एक वही करा. तारीख, दिसल्याची वेळ, कुठून कुठे गेलं, कुठे विझलं, एवढंच लिहा. पुढे या नोंदींचा उपयोग आहे.

दुसरी पायरी: उंची विसरा, आडवा वेग धरा

बहुतेकांच्या मनात असं असतं की पुरेसं उंच गेलं की पृथ्वीची ओढ संपते आणि वस्तू तरंगू लागते. हा समज आधी काढून टाकायला हवा, नाहीतर पुढचं काहीच जुळत नाही. ४०० किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. तिथे नुसतं उंच नेऊन सोडलेलं यान दगडासारखं खाली येईल. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबा इथून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं, तेही असंच वर गेलं आणि खाली आलं. त्याचं काम वरच्या हवेचा अभ्यास करण्याचं होतं, कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवती फिरण्याच्या वाटेवर, राहण्याचं नव्हतंच.

मग कक्षेत राहायला काय लागतं? हातातला दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो साधारण ५ मीटर पडतो, म्हणजे सोळा फूट. आता दुसरी गोष्ट बघा. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सरळ रेषेत ८ किलोमीटर पुढे गेलं की जमीन आपल्या रेषेपासून तेवढीच, साधारण ५ मीटर, खाली वाकलेली असते. म्हणजे एखादी वस्तू सेकंदाला ८ किलोमीटर या वेगाने आडवी निघाली, तर ती जेवढी पडेल तेवढीच जमीनही खाली सरकलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तसंच. वस्तू पडत राहते आणि जमीन तिला लागतच नाही. जमिनीलगत हवा असल्यामुळे हे होऊ शकत नाही, ४०० किलोमीटरवर होऊ शकतं. तिथे लागणारा वेग सेकंदाला ७.६६ किलोमीटर आहे. नागपूर ते मुंबई हे सरळ रेषेतलं ७०० किलोमीटरचं अंतर दीड मिनिटात.

हे मी माळ्याखाली बसून सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हनजे पडूनच राह्यलं थे, पन जमीन चुकवते." आमच्या बोलीत 'पडून राह्यलं' म्हणजे या घडीला पडत आहे. कक्षेची याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही. वर्गातही मी हीच वापरतो.

आता हात चालवा. गोफणीत दगडाऐवजी ओल्या फडक्याचा घट्ट गोळा घ्या आणि मोकळ्या वावरात फिरवा. गोळा हातापासून दूर पळू बघतो, दोरी त्याला आत ओढते आणि दोन्ही मिळून गोल फेरा होतो. दोरी सोडली की गोळा सरळ निघून जातो. पृथ्वीची ओढ ही यानाची दोरी आहे. ती नसती तर यान कक्षेत राहिलंच नसतं, सरळ निघून गेलं असतं. फरक एवढाच की गोफण तुम्ही हवी तेवढी जोरात फिरवू शकता. कक्षेत मात्र कोणत्या उंचीवर किती वेग, हे ठरलेलं आहे. हा फरक पाचव्या पायरीवर फार कामाला येतो.

दुसरा प्रयोग बाटलीचा. बुडाजवळ एक भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा, टोपण उघडं ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते, कारण बाटली आणि पाणी एकाच वेगाने पडत असतात. भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये स्थानकावर तरंगताना दिसले ते याच कारणाने. स्थानक आणि त्यातली माणसं, दोघंही बरोबरीने पडत असतात.

तिसरी पायरी: रॉकेट असं का बनवतात ते समजा

४०० किलोमीटर उंची गाठायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण आठपट ऊर्जा आडवा वेग मिळवायला लागते. उंचीला एक रुपया खर्च, तर वेगाला आठ. म्हणूनच टीव्हीवर रॉकेट सुरुवातीला सरळ वर जातं आणि मग हळूहळू कलत जातं. खालची हवा दाट आहे, तिच्यात फार वेग घेतला तर घर्षण आणि दाब दोन्ही वाढतात. म्हणून आधी पटकन तिच्यातून बाहेर पडायचं आणि वर विरळ हवेत पोचता पोचता आडवं होत वेग घ्यायचा.

टप्पे का, हे बंडीच्या उदाहरणाने समजतं. लांबच्या प्रवासाला बैलांचा चारा बंडीतच घ्यावा लागतो. प्रवास जितका लांब तितका चारा जास्त, आणि चाऱ्याचंच ओझं इतकं होतं की ते ओढायला आणखी चारा लागतो. रॉकेटचं नेमकं हेच होतं, बहुतेक इंधन उरलेलं इंधन उचलण्यातच जातं. यावर उपाय म्हणजे रिकामं झालेलं सगळं वाटेत टाकून द्यायचं: टाकी, इंजिन, कवच. आपलं पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आणि ३२० टन वजनाचं. त्याचे चार टप्पे. पहिल्या आणि तिसऱ्यात घन इंधन, दुसऱ्या आणि चौथ्यात द्रव. एवढ्या सगळ्या खटाटोपातून ६०० किलोमीटरच्या ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांजवळून जाणाऱ्या कक्षेत, जातो तो १,७५० किलोचा उपग्रह. शंभर किलोमागे जेमतेम अर्धा किलो माल.

श्रीहरिकोटाच का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे तिथे उभं असलेलं रॉकेट उडण्याआधीच सेकंदाला साधारण ४५० मीटर वेगाने पूर्वेला चाललेलं असतं. पूर्वेकडे उडवलं तर हा वेग फुकट मिळतो, आणि खाली समुद्र असल्याने टाकलेले टप्पे कोणाच्या डोक्यावर पडत नाहीत. ध्रुवीय कक्षेला दक्षिणेकडे जावं लागतं, तिथे हा फायदा नाही. उलट श्रीलंका वाटेत येते म्हणून पीएसएलव्हीला वळसा घालावा लागतो.

चौथी पायरी: कक्षेचा आकार अंगणात काढा

सारवलेल्या अंगणात दोन खुंट्या फूटभर अंतरावर ठोका. त्यांच्याभोवती सुतळीचा सैल फास टाका, फासात काडी अडकवून सुतळी ताणत फिरवा. लांबट गोल उमटेल. प्रत्येक कक्षा अशी असते आणि पृथ्वीचं केंद्र एका खुंटीच्या जागी असतं. दोन्ही खुंट्या एकाच जागी आणल्या की पूर्ण वर्तुळ होतं.

पृथ्वीला सगळ्यात जवळचा बिंदू तो उपभू, सगळ्यात दूरचा तो अपभू. उपभूला यान सगळ्यात वेगात असतं, अपभूला सगळ्यात संथ. तिसरा शब्द कल: कक्षा विषुववृत्ताशी किती अंशांनी तिरकी आहे. स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे, रशिया वापरतो त्या कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरूनही तिथे पोचता यावं म्हणून. त्यामुळेच ते विदर्भावरून कधी वायव्येकडून आग्नेयेला जातं, कधी नैर्ऋत्येकडून ईशान्येला.

आता वही काढा. स्थानकाची एक फेरी साधारण ९३ मिनिटांची. तेवढ्या वेळात पृथ्वी २३ अंश फिरते, म्हणून पुढच्या फेरीला त्याची वाट आपल्या अक्षांशावर साधारण २,४०० किलोमीटर पश्चिमेला सरकलेली असते. एका संध्याकाळी डोक्यावरून गेलेलं स्थानक ९३ मिनिटांनी परत डोक्यावर का येत नाही, ते यातून कळेल.

घरावरची छत्रीही बघा. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर यानाला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका फेऱ्याएवढाच वेळ लागतो, त्यामुळे ते आपल्याला एकाच जागी उभं असल्यासारखं वाटतं. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून गावातल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेकडे तोंड करून आहेत. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपण ७६ ते ८१ च्या दरम्यान, म्हणून ती छत्री दक्षिणेकडून पूर्वेला बरीच वळलेली असते.

पाचवी पायरी: कक्षेत प्रवास करायला शिका

ही पायरी सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. इथे घाई करू नका.

पहिला नियम: यान ज्या बिंदूवर इंजिन चालवतं, तो बिंदू जागेवर राहतो आणि कक्षेची समोरची बाजू बदलते. उपभूला वेग वाढवला तर अपभू वर जातो. अपभूला वेग वाढवला तर उपभू वर येतो. अंगणातल्या आकृतीवर बोट ठेवून हे दोनदा-तीनदा म्हणा.

चांद्रयान-३ ने हेच केलं. १४ जुलै २०२३ ला दुपारी २.३५ वाजता ते निघालं. सुरुवातीची कक्षा अगदी लांबट: उपभू १७० किलोमीटर, अपभू साधारण ३६,५०० किलोमीटर. थेट चंद्राकडे फेकण्याएवढं मोठं रॉकेट नव्हतं, म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं आणि नेमक्या वेळी थोडं थोडं इंजिन चालवत गेलं. एकदा अपभूवर चालवून उपभू वर घेतला, बाकीच्या वेळी उपभूवर चालवून अपभू वाढवला. २५ जुलैला अपभू सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेला, १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी उतरलं. झोका जसा नेमक्या टोकाला रेटा दिल्यावर चढत जातो, तसा हा प्रवास. मध्येच कुठेही इंजिन चालवलं असतं तर तेवढ्याच इंधनात एवढं अंतर गेलंच नसतं.

दुसरा नियम पचायला वेळ लागतो. एकाच कक्षेत दोन यानं आहेत, एक १०० किलोमीटर पुढे. मागच्याला पुढच्यापर्यंत पोचायचं आहे. रस्त्यावर आपण वेग वाढवू. इथे वेग वाढवला तर कक्षा वर उचलली जाते, फेरा मोठा होतो, वरचा वेग कमी असतो आणि यान आणखी मागे पडतं! म्हणून उलट करायचं: वेग थोडा कमी करायचा. यान खालच्या कक्षेत येतं, तिथे फेरा लहान आणि वेग जास्त, ते खालून पुढे सरकतं. मग नेमक्या क्षणी वेग वाढवून वर यायचं आणि भेटायचं.

खळ्यावर मेढीभोवती फिरणारे बैल ज्यांनी बघितले आहेत त्यांना हा फरक पटकन दिसेल. तिथे सगळे बैल एका दाव्याला बांधलेले, म्हणून मेढीजवळचा बैल सावकाश चालतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. कक्षेत दावं नसतं, प्रत्येकाची ओढ वेगळी. आतला जोरात, बाहेरचा संथ. ४०० किलोमीटरवर वेग सेकंदाला ७.६६ किलोमीटर, छत्रीवाल्या उपग्रहाचा ३.०७, आणि पावणेचार लाख किलोमीटरहून दूर असलेल्या चंद्राचा जेमतेम १ किलोमीटर.

म्हणूनच ४०० किलोमीटर वर जायला काही मिनिटं लागत असली तरी शुभांशु शुक्लांच्या यानाला स्थानकापर्यंत पोचायला २८ तासांच्या आसपास लागले. सगळा वेळ खालच्या कक्षेतून हळूहळू गाठण्यात गेला. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ ला ते कक्षेत एकमेकांना जोडले. ताशी २७ हजार किलोमीटरच्या आसपास दोघंही धावत असताना, एकमेकांजवळ सरकण्याचा वेग मात्र गोगलगायीसारखा ठेवावा लागतो. हे जमलेला भारत चौथा देश. बातमीत ते चार ओळींत संपलं. त्यामागचं काम किती नाजूक आहे, हे ही पायरी समजल्यावरच कळतं.

कक्षेचा कल बदलणं मात्र फार महाग. धावत्या यानाची दिशाच वळवावी लागते, त्यात इंधन भसाभस जातं. म्हणून कल शक्यतो उडतानाच ठरवतात.

सहावी पायरी: खाली येणं

खाली यायला थोडासाच वेग कमी करावा लागतो, सेकंदाला साधारण १०० मीटर. उपभू हवेत शिरतो आणि उरलेलं काम हवा करते. यानाचा सगळा वेग उष्णतेत जातो, म्हणून पुढे जाड उष्णतारोधक कवच लागतं.

काही वस्तू मात्र कोणी न आणता खाली येतात. ४०० किलोमीटरवरही हवेचा अंश असतो. स्थानक महिन्याला साधारण २ किलोमीटर खाली घसरतं आणि त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं. रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याला ढकलणारं कोणी नसतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भातल्या कितीतरी लोकांना आठवत असेल. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते तुकडे रांगेने गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. परिसरात धातूचा गोलही सापडला. अभ्यासकांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा होता. कोणाला इजा झाली नाही.

असे तुकडे जळताना उल्केपेक्षा संथ जातात, पुष्कळदा अर्धा मिनिट ते मिनिटभर दिसतात आणि वाटेत फुटत जातात. दिसले तर वेळ आणि दिशा वहीत लिहा. शेतात असं काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, फुंकर घालून किंवा काडीने खरवडून बघू नका. टाकीच्या गोलात दाब किंवा विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोरांना आणि ढोरांना दूर ठेवा, लांबूनच फोटो काढा आणि पोलीस पाटलांना कळवा. तहसीलपर्यंत ते पोचवतील.